एक चिप म्हणजे किती?

प्रज्योतने खिशातून प्लास्टिकची छोटी पिशवी काढून माझ्या टेबलावर टाकली. आत शर्टाच्या बटणाएवढा तापमापक होता. पिशवीला सुकटीचा वास येत होता.

"घे तुझं बटण. काकाने पाठवलंय. बोटीवर फिरून आलं. आता तरी खूश?"

"आकडे बघितलेस?"

"मी कशाला बघू? संध्याकाळी सहाला चिपची फाईल जातेय, प्रांजल. आता त्या बटणातून साप निघाला तरी कोण थांबवणार आहे?"

तो हसत होता. दोन वर्षं राबल्यावर त्याला हसायचा हक्क होता.

आमची कंपनी म्हणजे मरोळच्या औद्योगिक वसाहतीतला दुसऱ्या मजल्यावरचा एक गाळा. मालक ट्रेव्हर सर मरोळ गावठाणातलेच. बरीच वर्षं परदेशातल्या मोठ्या कंपनीत दुसऱ्यांच्या चिपांच्या आराखड्यांतले कोपरे काढून ते परत आले होते. आम्ही लाइफ जॅकेटला शिवायचा एक टॅग बनवत होतो, काडेपेटीएवढा. माणूस बोटीवरून पडला, टॅगला खारं पाणी लागलं, की तो जागा होणार आणि रेडिओवरून बोटीतला भोंगा वाजवणार. एरवी तो झोपलेला असणार. पाणी शिरू नये म्हणून सगळं रेझिनमध्ये बंद, त्यामुळे आतली बॅटरी बदलता येणार नाही. नारळी पौर्णिमेला लावलेला टॅग मे महिन्याच्या शेवटापर्यंत, म्हणजे होड्या किनाऱ्याला लागेपर्यंत, त्या एकाच बॅटरीवर टिकायला हवा.

मागणी मढच्या मच्छीमार सोसायटीची होती. सोसायटीचे अध्यक्ष रामनाथ हे प्रज्योतचे काका. तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात, वारा उठलेला असताना, त्यांच्या बोटीवरचा दत्ताराम नावाचा खलाशी पहाटे पडला. इंजिनच्या आवाजात कुणाला ऐकू आलं नाही. सुकाणूवर रामनाथकाका स्वतः होते. जाळं ओढताना एक माणूस कमी दिसला तेव्हा कळलं. दत्तारामच्या अंगात जॅकेट होतं. तो तरंगत राहिला असणार, पण कुठे, ते कुणालाच कळलं नाही. तो सापडला नाही.

त्यामुळे हा टॅग मे महिन्यात जिवंत असायला हवा, एवढंच मला कायम डोक्यात ठेवावं लागत होतं. बाकी सगळं त्याच्यापुढे लहान होतं.

मी तापमापक कॉम्प्युटरला जोडला. पडद्यावर लाल रेघ उमटली. रोज सकाळी चढायची, दुपारी टोक गाठायची, संध्याकाळी उतरायची. टोक त्रेसष्ट अंशांवर होतं.

आम्ही सगळा हिशोब चाळीस अंशांवर केला होता.

"प्रज्योत, हे बटण कुठे ठेवलं होतं?"

"जॅकेटच्या खिशात. तू सांगितलंस तसं."

"आणि जॅकेट?"

"केबिनमध्ये. ते मी पहिल्याच दिवशी लिहून दिलंय ना?" तो खुर्ची ओढत आला आणि रेघेच्या टोकाशी वाकला. मग म्हणाला, "काकाने इंजिनवर वाळत घातलं असणार. थांब."

त्याने फोन लावून स्पीकरवर टाकला.

"काका, ती जॅकेटं दिवसा कुठे ठेवता?"

"कुठं म्हंजे? केबिनच्या टपावर. नायतर कुठं?"

"केबिनमध्ये ठेवायची असतात ना?"

"केबिनमंदी आमी जेवतो, निजतो. जॅकेटं आत ठेवून मानसां काय टपावर निजवू? आनि ऐक, मी चार-पाचला तुमच्याकडं येतोय. नारळ आनतोय. फायल सुटली की फोडू."

फोन बंद झाला. प्रज्योत माझ्याकडे बघत नव्हता.

चूक अशी होती, की आमच्या ऑफिसात समुद्राचं काहीही विचारायचं असलं की सगळे प्रज्योतकडे वळायचे. तो मढचा, कोळ्याचा मुलगा, त्याला माहीत असणारच. खरं तर त्याला बोट लागते. शाळेत असताना दोनदा गेला, दोन्ही वेळा ओकून परत आला, आणि नंतर पुतळाबाईंनी, म्हणजे त्याच्या आईने, त्याला पाठवलंच नाही. जॅकेट कुठे असतं असं ट्रेव्हर सरांनी विचारलं तेव्हा त्याने सुरक्षेच्या पुस्तिकेत बघून 'केबिन' असं उत्तर दिलं. मला माहीत नाही, हे मढच्या मुलाच्या तोंडून निघणं सोपं नव्हतं. आणि त्याच्यावर आम्ही कुणीच शंका घेतली नव्हती. मी हे बटण पाठवलं तेसुद्धा शंका आली म्हणून नाही. मला आपला मोजलेला आकडा हवा असतो, म्हणून.

"पण त्याने फरक किती पडेल?" प्रज्योतने विचारलं. त्याला उत्तर माहीत होतं.

चिपमध्ये लाखो सूक्ष्म स्विच असतात. बंद केलेला स्विचसुद्धा पूर्ण बंद होत नाही. जुन्या नळासारखा तो थेंब थेंब गळत राहतो, फक्त पाण्याऐवजी वीज गळते. तापमान दहा अंशांनी वाढलं की ही गळती साधारण दुप्पट होते. आणि स्विच जितके बारीक, तितकी ती जास्त. आमच्या टॅगमध्ये दोन कामं होती. एक भाग नुसती राखण करणार, पाणी लागलं का ते बघत पडून राहणार. दुसरा भाग रेडिओ, ओरडणारा. रेडिओला बारीक स्विच लागतात. राखणदाराला जाडे, जुन्या पद्धतीचे स्विच बरे, कारण ते फारसे गळत नाहीत. पण ट्रेव्हर सरांनी दोन्ही भाग सिलिकॉनच्या एकाच तुकड्यावर घ्यायचं ठरवलं होतं, आणि आम्हाला परवडणाऱ्या पद्धतीत एका तुकड्यावर एकाच जातीचे स्विच निघतात. म्हणून आमचा राखणदारही बारीक स्विचांचा होता. चाळीस अंशांना तो चालत होता.

फाउंड्रीने, म्हणजे चिपा बनवून देणाऱ्या कारखान्याने, दिलेले गळतीचे आकडे आणि बोटीवरचं खरं तापमान घालून मी सिम्युलेशन चालवलं. उत्तर यायला जेवणाची सुट्टी उलटून गेली. आम्ही दोघं जेवलो नाही.

बॅटरी शिमग्याच्या सुमारास संपत होती.

"यार," प्रज्योत हळूच म्हणाला. "वाट लागली."

ट्रेव्हर सरांच्या केबिनला काच आहे. आम्ही दोघं येताना बघूनच त्यांनी चष्मा काढला.

त्यांनी आलेख नीट बघितला. ते निष्काळजी नव्हते. दोन प्रश्न विचारले, दोन्ही नेमके. मग खुर्चीत मागे रेलले.

"फाउंड्रीचे गळतीचे आकडे नेहमी फुगवलेले असतात. त्यांना कुणी कोर्टात खेचू नये म्हणून. प्रत्यक्षात निम्मी असते गळती."

"निम्मी धरूनही बघितलं, सर. एप्रिल संपत नाही."

"मग जॅकेटं केबिनमध्ये ठेवायला सांगू. पोस्टर लावू."

प्रज्योत म्हणाला, "सर, तिथे माणसं झोपतात."

"तू आत्ता सांगतोयस हे मला? आज?"

प्रज्योतची मान खाली गेली. ट्रेव्हर सर माझ्याकडे वळले.

"आणि तुझ्याकडे उपाय तयारच असेल. ती तुझी खिचडी."

खिचडी म्हणजे माझं ड्रॉइंग. वर्षभरापूर्वी मी ते काढलं होतं. त्यात सिलिकॉनचे दोन वेगळे तुकडे होते. रेडिओचा एक, बाजारात तयार मिळणारा, आधीच सिद्ध झालेला. राखणदाराचा दुसरा, जुन्या जाड स्विचांचा, तोही तयार मिळणारा. दोन्ही शेजारी शेजारी चिकटवायचे, बारीक तारांनी जोडायचे आणि एकाच काळ्या आवरणात बंद करायचे. त्या हिशोबाने बॅटरी उन्हातही दोन हंगाम टिकत होती. ट्रेव्हर सरांनी ते ड्रॉइंग बघून 'डाळ एका दुकानातली, तांदूळ दुसऱ्या' असं म्हटलं होतं, तेव्हापासून ते खिचडीच.

"सर, खिचडीचा विषय नाही. मी फक्त सांगतेय की हा टॅग मे महिन्यात मेलेला असेल."

"आणि तुझा टॅग? दोन तुकडे म्हणजे मरायच्या दोन जागा. मधल्या तारा म्हणजे आणखी चार. त्यात एक तुकडा मुळातच खराब निघाला तर त्याच्याबरोबर चांगला तुकडाही कचऱ्यात. एका सिलिकॉनमध्ये सांधाच नाही. तुटणार काय?" ते उठून उभे राहिले. "आणि मागणी काय आहे? मी मढच्या समाजहॉलमध्ये हजर होतो. रामनाथकाका सगळ्या सभेसमोर म्हणाले, एकच चिप पाहिजे. एकच. ती अट आहे. मी ती पाळतोय."

त्यांचं तारांबद्दलचं म्हणणं खरं होतं. सभेबद्दलचंही. त्या हॉलमध्ये मीसुद्धा होते.

फाईल पाठवायची म्हणजे फाउंड्रीच्या साइटवर चढवायची. एका मोठ्या सिलिकॉनच्या चकतीवर पुष्कळ लहान कंपन्यांच्या चिपा एकत्र बनवतात, म्हणजे सगळ्यांना परवडतं. त्या चकतीतली आमची जागा आज सहापर्यंत होती. पुढची चकती पावसाळ्यानंतर, म्हणजे येता हंगाम गेलाच. आणि ट्रेव्हर सरांचा स्वतःचाच एक नियम होता. फाईल जायच्या आधी तिघांनी आपापल्या नावापुढचा चौकोन हिरवा करायचा. कुणी कुणाचा करायचा नाही. प्रज्योतचा आणि सरांचा चौकोन सकाळीच हिरवा झाला होता.

"जा आणि हिरवा कर," ते म्हणाले. "नाहीतर लाल कर आणि कारण लिही. मधल्यामध्ये लटकत ठेवू नको."

मी जागेवर आले. लाल करायला एक क्लिक पुरत होती, पण हात पुढे जाईना. ट्रेव्हर सरांचा टोमणा मला लागला होता, कारण तो पूर्ण खोटा नव्हता. माझं ड्रॉइंग मला आवडत होतं. ते कुणीतरी उघडावं असं मला वर्षभर वाटत होतं. मग आता मी मोजतेय ते खरंच मोजतेय, की हवं ते उत्तर येईपर्यंत मोजतेय? मी पुन्हा बसले आणि सगळे आकडे ट्रेव्हर सरांच्या बाजूने झुकवले. गळती निम्मी. पावसाचे दिवस जास्त. बॅटरी सर्वात ताजी. बोट आठवड्यातून एक दिवस सावलीत उभी. एवढं सगळं दिलं तरी टॅग मेच्या पहिल्या आठवड्यात झोपत होता, आणि पुन्हा उठत नव्हता.

प्रज्योत माझ्या मागे उभा होता.

"दोन वर्षं, प्रांजल," तो म्हणाला. "त्या लेआउटमधली एकेक रेघ माझी आहे. तुझ्या खिचडीत माझं काय आहे, सांग ना? काहीच नाही. दोन तयार तुकडे विकत आणणार तू."

"हो."

"हो काय, हो? काहीतरी बोल तरी. समजूत तरी घाल."

"काय घालू रे? आकडा तूही बघितलास."

तो दाण्‌कन खुर्चीत बसला.

रामनाथकाका आले तेव्हा पाच वाजून गेले होते. पांढरा शर्ट, कपाळाला गंध, हातात पिशवी. त्यांनी नारळ काढून सरळ प्रिंटरवर ठेवला आणि हात जोडले, प्रिंटरलाच.

"कुठाय फायल? दाखवा तरी."

"काका, ती दिसत नाही," प्रज्योत म्हणाला.

"दिसत नाय आनि दोन वरसां बनवताय? झकास धंदा हाय तुमचा."

एरवी आम्ही हसलो असतो. आता कुणीच हसलं नाही. काकांनी आमची दोघांची तोंडं बघितली.

"काय झाला? कोन गेला काय?"

ट्रेव्हर सर केबिनमधून बाहेर आले. माझ्याकडे न बघता त्यांनी काकांना खुर्ची दिली आणि सरळ विचारलं, "रामनाथकाका, एकदा या मुलीसमोर सांगा. तुम्ही आम्हाला चिपा किती सांगितल्या होत्या?"

"एकच."

"नक्की?"

"नक्की म्हंजे? सभेत सांगितलाय. एक म्हंजे एक."

ट्रेव्हर सरांनी माझ्याकडे बघितलं. मी इतका वेळ मनात धरून होते, की गिऱ्हाइकाला काय फरक पडतो, एक की दोन. आता गिऱ्हाईकच समोर बसून एक म्हणत होतं.

"फोडू काय मग नारळ?" काकांनी विचारलं.

"थांबा, काका." माझा आवाज जरा मोठाच निघाला. "मला एक सांगा. तुमच्या फोनमध्ये मेमरी कार्ड आहे ना? ते किती चिपांचं?"

"आता हे काय?"

"सांगा ना."

"एक. नखाएवढं तर असतं."

शिकाऊ मुलांना दाखवायला ट्रेव्हर सरांनीच एक कार्ड उभं कापून, घासून मायक्रोस्कोपखाली लावून ठेवलेलं आहे. मी काकांना तिकडे नेलं. त्यांनी एक डोळा मिटून दुसरा लावला आणि बराच वेळ बघत राहिले.

"हे पापुद्रे कसले?"

"प्रत्येक पापुद्रा सिलिकॉनचा वेगळा तुकडा आहे. एकावर एक रचलेत. आम्ही ज्याला चिप म्हणतो ना, ते हे. या एका कार्डात अशा पाच चिपा आहेत."

काका सरळ झाले. "असूदेत. मना काय करायचाय? पापलेट घेताना आतले काटे कोन मोजतो? बाहेरून तर एकच हाय."

"मग तुम्ही सभेत म्हणालात ती एकच चिप..."

"पोरी, तुमी पयला जो बोर्ड आनलेला, आठवतो? त्याच्यावर काळे किडे होते चार. चारांना पाय किती! एका खेपेत पायांमंदी मीठ बसला आनि बोर्ड हिरवा झाला. म्हनून बोललो, चार कशाला, एकच किडा ठेवा. पाय कमी, मीठ कमी." त्यांनी ट्रेव्हर सरांकडे बघितलं. "का? तुमी काय समजलात?"

ट्रेव्हर सर मायक्रोस्कोपखालच्या कार्डाकडे वळले.

ते काय समजले होते ते मला माहीत होतं, कारण मीही तेच समजले होते. आमच्या तोंडात चिप म्हणजे आतला सिलिकॉनचा तुकडा. बाहेरचं काळं आवरण हे आमच्यासाठी नुसतं वेष्टन. बाकी सगळ्या जगासाठी ते आवरण हीच चिप. हा शब्द आम्ही रोज शंभरदा वापरत होतो आणि त्या हॉलमध्ये तो आमच्या समोर दोन अर्थांनी पडला होता. आम्ही आपला अर्थ उचलला आणि घरी आलो. ट्रेव्हर सरांनी तर आनंदाने उचलला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चिपांचे कोपरे काढलेल्या माणसाला एक अख्खी, सगळं आत असलेली, स्वतःची चिप हवी होती. ती गिऱ्हाइकानेच मागितली असं त्याला वाटलं.

मी म्हटलं, "सर, दोन तुकडे एका आवरणात घातले तर काकांच्या हिशोबाने ती एकच चिप आहे. पायही तेवढेच."

"हां, तर मग झाला," काका म्हणाले, आणि लगेच थांबले. कपाळावर आठी आली. "नाय, नाय. थांब. आत दोन आहेत असा बोलू नको तू. मी सोसायटीत दोन वरसां एकच चिप, एकच चिप करून घसा फोडलाय. तो शिवदास माझ्या खुर्चीवर टपूनच बसलाय. बोलेल, रामनाथ एक सांगतो आनि दोन घालतो. त्यापेक्षा तुमची ती एकवाली काय वाईट हाय? तयार हाय ना?"

"तयार आहे," ट्रेव्हर सर म्हणाले.

"मग सोडा ना!"

पडद्यावरचं घड्याळ पावणेसहा दाखवत होतं. ट्रेव्हर सर माझ्या खुर्चीत जाऊन बसले. माझ्या नावापुढचा चौकोन अजून कोराच होता. त्यांच्याकडे मालकाचा पासवर्ड होता. तो घातला की कोणाच्या चौकोनाची गरज नव्हती. आजवर त्यांनी तो कधी वापरला नव्हता. त्यांनी कीबोर्ड पुढे ओढला.

"काका," मी म्हटलं. "एकवाली शिमग्यापर्यंत चालेल. फार तर मे लागेपर्यंत."

"मग?"

"मग झोपेल. बॅटरी संपेल. टपावर ऊन फार आहे."

"पानी लागला की उठेल ना?"

"नाही."

"मे मयन्यात?"

"मे महिन्यात जॅकेटला टॅग शिवलेला असेल. माणसाला वाटेल, आपल्याकडे टॅग आहे. तो पडला तर भोंगा वाजणार नाही."

काका उभेच होते. त्यांनी खुर्चीची पाठ धरली. त्यांनी ट्रेव्हर सरांना विचारलं, "ही खरा बोलते?"

ट्रेव्हर सर पडद्याकडे बघत होते. "गणित तसं म्हणतंय," ते म्हणाले. "गणितं चुकतात कधी कधी."

"कधी कधी म्हंजे?"

ट्रेव्हर सरांची बोटं कीबोर्डवर होती, पण हलत नव्हती. पासवर्डची चौकट उघडी होती. मी लाल करायला पुढे झाले असते तर मला त्यांच्या हातावरून माउस ओढून घ्यावा लागला असता, आणि तेवढी हिंमत माझ्यात नव्हती, हे मला तिथे उभ्या उभ्या कळलं.

मागे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. प्रज्योत आपल्या टेबलाकडे गेला होता. त्याने दोन-तीन कळा दाबल्या. ट्रेव्हर सरांच्या पडद्यावर, त्यांच्या डोळ्यांसमोर, प्रज्योतच्या नावापुढचा हिरवा चौकोन लाल झाला. खाली कारणाच्या रकान्यात एक ओळ हळूहळू उमटत गेली. तो टाइप करता करता एकदा थांबला, खोडलं, पुन्हा लिहिलं.

'जॅकेट टपावर असतं. मी केबिन सांगितलं, पण मला माहीत नव्हतं.'

"प्रज्योत," ट्रेव्हर सर वळून म्हणाले, "ही तुझी चिप आहे, रे."

"माहितेय, सर."

"पुढच्या चकतीपर्यंत कोण हिला हात लावेल? कुणी लावणार नाही. ही गेली म्हणजे गेली."

"माहितेय म्हटलं ना!" तो ओरडला. ट्रेव्हर सरांवर ओरडताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं. मग तो भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "नका पाठवू."

काका त्याच्याकडे बघत होते.

ट्रेव्हर सरांनी हात कीबोर्डवरून काढून मांडीवर ठेवले. पासवर्डची चौकट तशीच उघडी राहिली. आम्ही चौघं त्या पडद्याकडे बघत राहिलो. कधीही त्यांचं मन फिरलं असतं तर चार-पाच कळांचं काम होतं. मी श्वास मोजायला लागले आणि सोडून दिलं. मग सहा वाजले, पान आपोआप एकदा लुकलुकलं आणि आमच्या नावापुढे 'जागा रद्द' असं आलं. तेवढंच. काहीही वाजलं नाही.

काकांनीच आधी तोंड उघडलं. "शिवदासचा मी बघून घेईन. सभेत सांगेन, आत दोन आहेत म्हनून. माझ्या तोंडाने सांगेन." मग मला म्हणाले, "दोन आहेत ते एका अर्थी बराच. एक मेला तर दुसरा उठवील ना मानसाला?"

त्यांना हो हवं होतं. सगळ्या दिवसात मला इतकं हो म्हणावंसं वाटलं नव्हतं.

"नाही, काका. एक राखण करतो, दुसरा ओरडतो. दोघांतला कुठलाही एक गेला की टॅग गेला."

त्यांचा चेहरा उतरला. "मग यात आनि त्यात फरक काय?"

"तो मे महिन्यात नक्की मेलेला असता. हा जिवंत ठेवता येईल. पण आपोआप नाही. आत घालायच्या आधी प्रत्येक तुकडा तपासावा लागेल, आणि बंद केल्यावर पुन्हा."

"गरम करून," ट्रेव्हर सर म्हणाले. "टपाइतका गरम करून. आणि नारळी पौर्णिमेच्या आत." ते माझ्या खुर्चीतून उठले नाहीत. "उघड तुझं ते ड्रॉइंग."

मी वाकून फाईल उघडली. दोन तुकडे, मध्ये चार तारा, भोवती काळ्या आवरणाची रेघ. त्यांनी ते ड्रॉइंग या आधी एकदाच बघितलं होतं, तेही हसत. आता चष्मा लावून ते पडद्याच्या जवळ गेले. कुठूनही सुरुवात न करता त्यांचं बोट सरळ तिसऱ्या तारेवर टेकलं.

"ही एवढी लांब का?"

"राखणदाराचं ते टोक पलीकडच्या बाजूला आहे, सर. वळसा घ्यावा लागला."

"बोटीचं इंजिन डिझेलचं आहे. दिवसभर थडथडतं. टपावर सगळ्यात जास्त. एवढी लांब तार महिनाभर हलत राहिली तर मुळाशी तुटेल. तू हे उन्हासाठी तपासलंस. हादऱ्यासाठी तपासलंस?"

मी तपासलं नव्हतं. वर्षभर मी ते ड्रॉइंग मनात घेऊन फिरत होते आणि इंजिनचा विचार माझ्या डोक्यात एकदाही आला नव्हता.

"नाही, सर."

"तुकडा फिरवून बघ. नव्वद अंशात."

मी त्यांच्या खांद्यावरून हात घालून माउस घेतला आणि राखणदाराचा तुकडा फिरवला. तिसरी तार आखूड झाली. पहिली लांब झाली.